पाच वर्षांनी कोण सांभाळणार?



"मोबाइलवर चालणारं छोटं वेब अ‍ॅप करायचंय, कुठलं फ्रेमवर्क घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "पाच वर्षांनी ते कोण सांभाळणार?" समोरचा बहुधा गप्प होतो.

हे मी फटका खाऊन शिकलो. 2012 साली सोसायटीतल्या भिशीसाठी मी हिशेबाचं अ‍ॅप केलं. जेक्वेरी मोबाइल या फ्रेमवर्कची पहिली पक्की आवृत्ती आदल्या नोव्हेंबरात आली होती. टॅगला एखादा गुणधर्म चिकटवला की बटणं, याद्या, सरकणारी पानं फुकटात. मी हुरळलो. वर वेब पानाचं फोनवरचं अ‍ॅप करणाऱ्या फोनगॅपचं वेष्टण चढवलं. पुढे अडोबीनं 2020 मध्ये फोनगॅप गुंडाळलं, 2021 मध्ये जेक्वेरी मोबाइलचं काम थांबल्याचं जाहीर झालं. दोष त्यांचा नव्हे. वीस जणींच्या हिशेबासाठी एवढा डोलारा उभारला मीच.

दरम्यान ब्राउझर मोठा झाला. तारखेचा खण, आकड्यांचा कीबोर्ड, पडद्याप्रमाणे आकसणारी मांडणी हे सगळं तो आता स्वतःच देतो. सर्व्हिस वर्कर लिहिला तर नेट नसतानाही पान उघडतं. आयफोनच्या सफारीत ही सोय 2018 मध्ये आली. अट एकच, साइट एचटीटीपीएसवर हवी.

पण इथेच एक खड्डा आहे. हिशेब ब्राउझरच्याच साठवणीत ठेवायचा मोह होतो. लोकलस्टोरेज नावाची सोय आहेच, सहसा पाचेक एमबीची. मात्र सात दिवस सफारी वापरूनही आपल्या साइटला हात लागला नाही, तर सफारी ही साठवण पुसून टाकतो. होम स्क्रीनवर ठेवलेल्या अ‍ॅपला यातून सूट आहे, पण ते तसं ठेवतं किती जण? आणि भिशी तर महिन्यातून एकदा! म्हणून मूळ नोंद सर्व्हरवर, फोनमध्ये फक्त प्रत. ही गोष्ट फ्रेमवर्क निवडण्याच्या कितीतरी आधी ठरवायला हवी.

रिअ‍ॅक्ट, व्ह्यू वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पंचवीस पडदे असतील, एका बदलानं दहा जागचे आकडे हलत असतील, तर जरूर घ्या. प्ले स्टोअरवर जायचंच असेल तर फ्लटरचाही विचार करा. मात्र अ‍ॅप तपासायला घरातला सगळ्यात जुना, काच तडकलेला अँड्रॉइड काढा. आपल्या नव्या फोनवर सगळंच पळतं.

भिशीचं अ‍ॅप मी फ्रेमवर्कशिवाय नव्यानं केलं; ते तीन फाइलींचं आहे. गेल्या दिवाळीत हप्ता वाढला, तेव्हा शेजारच्या बारावीतल्या मुलीनं एक फाइल उघडून रक्कम बदलली. मला विचारायला ती आलीच नाही.