जुन्या वाड्यांचा जीर्णोद्धार



जवळा बाजार येथील पूर्वजांचे जुने वाडे पाडावेत की राखावेत, हा प्रश्न आज आपणांपुढे आहे. ते राखावेत, परंतु डोळसपणे राखावेत, असे आमचे मत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीच्या जड माळवदांखाली व दुपदरी दगडी भिंतींखाली हजारो जीव गेले. २०२४ साली आपल्या हिंगोली जिल्ह्यासही हादरे बसले. म्हणून प्रथम माळवदावरील जादा माती उतरवावी. भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड बसवावेत. खांब व तुळया तिरप्या आधारांनी जखडाव्यात. निघालेले सागवान व दगड पुन्हा वापरावेत. दरजा सिमेंटाऐवजी चुन्याने भराव्यात, म्हणजे भिंतीत ओल कोंडणार नाही. अशा रीतीने अल्प खर्चात वाडेही राहतील आणि वाड्यांतील माणसेही.