कोंबडीच्या रक्ताची साक्ष



कामगार-संघटनेच्या माणसाने कोंबडीवर बोलावे याचे काहींना हसू येईल. आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. परंतु हमालाच्या घरी मीठमिरचीला आणि पोराच्या वहीला लागणारा पैसा पुष्कळदा त्याच्या बायकोच्या खुराड्यातून येतो. मजुरीचा प्रश्न जसा आमचा, तसाच हाही.

आमच्या एका सभासदाच्या घरी पाठोपाठ सात कोंबड्या गेल्या. खाणे सुटले, हिरवी हगवण लागली, पाय लुळे पडले. गल्लीने निदान केले : मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्या बाईने लस तर टोचून घेतली होती! झाले, लसच खोटी ठरली आणि चार घरांनी टोचणे सोडले. आठवी कोंबडी आम्ही डालग्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतले, काचपट्टीवर पातळ पसरले, वाळवले, मिथाईल अल्कोहोलात बुडवले आणि गीम्सा रंग दिला. सूक्ष्मदर्शकात मळसूत्रासारखे बारीक जंतू दिसले. त्यांचे नाव बोरेलिया. राणीखेतीवर औषध नाही. यावर पेनिसिलीन आहे. आठवी वाचली. लस निर्दोष होती. आरोप चुकीच्या माणसावर ठेवला होता.

ही काच वाचायची कशी? आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. कोंबडीची पेशी लांबट असून तिच्या मधोमध केंद्रक असते. बोरेलिया पेशींच्या बाहेर, द्रवात असतो. कोंबडीच्या हिवतापाचा जंतू पेशीच्या आत शिरून केंद्रकाला बाजूला सारतो, आणि त्याच्यापाशी काळपट रंगकण दिसतात. ल्युकोसायटोझून पेशीचा आकारच बिघडवतो, पण त्यात हे रंगकण नसतात. मात्र एक खबरदारी : ताप ओसरला की बोरेलिया रक्तातून नाहीसा होतो. म्हणून कोंबडी तापलेली असतानाच न्यावी. कोऱ्या काचेवरून रोग नव्हताच, असे म्हणू नये.

हे ज्ञान दूरचे नव्हे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूचे रंगकण सापडले ते सिकंदराबादेत. ती छावणी निजामाच्या मुलखात, आणि आपली परभणीही तेव्हा त्याच मुलखात. पुढे १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी डासापासून पाखरांना हिवताप होतो हे सिद्ध केले. कोंबडीचा हिवताप माणसाला होत नाही, ही भीती कोणी बाळगू नये.

बोरेलिया पसरवणारी गोचीड दिवसा भिंतीच्या फटीत दडते व रात्री रक्त पिते. दिवसा कोंबडी चाळून ती सहसा हाती लागत नाही. रात्री दिवा घेऊन खुराडे पाहावे, फटी लिंपाव्यात, जुनी लाकडे काढून टाकावीत.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या दारात आपण म्हशीसाठी जातो. कोंबडीसाठी जायला लाजतो. गरिबाच्या घरी आठ कोंबड्या म्हणजे म्हैसच, हे ध्यानात ठेवावे. चौकशीवाचून कामगाराला दोषी धरले तर आम्ही फाटकाशी बसतो. तोच न्याय लसीला आणि कोंबडीलाही मिळावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.