पोर्ट ऑफ स्पेनचा फाल्गुन
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. बौद्धजनांच्या मेळाव्यात वेस्ट इंडीजमधल्या राजधानीचे काय काम? त्या शहरात आम्ही कधी गेलेलो नाही. परंतु १९७१ च्या फाल्गुनात आपल्या मुलखातले काही तरुण तेथे जाऊन आले आणि त्या शहराचे नाव मराठी घराघरांत पोहोचले. ते शहर म्हणजे पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद बेटाची राजधानी.

तेथे आपल्यासारखे सहा ऋतू नाहीत. जानेवारी ते मे कोरडे दिवस आणि पुढे पाऊस. या कोरड्या दिवसांत कोकोच्या मळ्यांवर सावली धरणारी इमॉर्टेलची झाडे केशरी फुलांनी भरून जातात. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले. म्हणजे फुलांच्या बाबतीत तरी ते बेट आपल्याला परके नाही.

माणसांच्या बाबतीतही ते परके नाही. या बेटावर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम ऊस पिकवीत होते. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ साली लोक खरे मोकळे झाले. मग मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक नावाचे जहाज हिंदुस्थानी मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे अशी तेथे गेली. बहुतेक अवध-बिहारकडची, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. आपल्या कोकणातले मजूर अशाच करारावर मॉरिशसला गेले. त्या ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ झाले. पाच वर्षांचा करार, आणि परवान्यावाचून मळा सोडला तर तुरुंग! आजही त्रिनिदादमध्ये ‘फगवा’ या नावाने होळी खेळतात.

अशा शहरात ६ ते १० मार्च १९७१ या दिवसांत अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवले. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या. एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनी पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ धावा काढल्या. एकनाथ सोलकरांनी ५५ धावांची साथ दिली. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळीकाम करीत आणि मुलगा त्याच मैदानाच्या कडेला वाढला. ज्याच्या बापाने खेळपट्टीला पाणी घातले, तो मुलगा सातासमुद्रापलीकडे देशासाठी उभा राहिला. एप्रिलमध्ये त्याच मैदानावरच्या अखेरच्या कसोटीत गावसकरांनी १२४ आणि २२० धावा केल्या. आपल्या संघाला दाद देत नसलेल्या या परक्या खेळाडूवर तेथल्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गाणे रचले. हरलेल्या शहराने जिंकणाऱ्याचे गाणे गावे, ही मनाची मोठी श्रीमंती होय.

आता मुद्द्याकडे येतो. त्या वेळी वेस्ट इंडीजचे कर्णधार होते सर गारफील्ड सोबर्स. परंतु काळ्या माणसाला कर्णधारपद सहज मिळालेले नाही. खेळायला काळे चालत, नेतृत्व मात्र गोऱ्यांकडे राही. १९४८ साली जॉर्ज हेडलींना एका सामन्यापुरते ते मिळाले. संपूर्ण मालिकेचे कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेल यांची नेमणूक झाली ती १९६० साली. त्यासाठी पोर्ट ऑफ स्पेनमधल्याच एका वृत्तपत्रातून सी. एल. आर. जेम्स या विचारवंताने लेखणी झिजवली.

हे ऐकताना आपल्याला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय कसे राहतील? चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात मैदान झाडून, खेळपट्टी तयार करून पोट भरीत. गोलंदाजीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात चहाच्या वेळी सोबत्यांना चिनी मातीचे कप मिळत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. बाळूंचा चेंडू चालला, बाळूंचा हात लागलेला कप चालला नाही! पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा इतिहास आपण लपवू नये. पण त्यांच्यावर झालेला अन्यायही विसरू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो. त्रिनिदादच्या सत्ताधाऱ्यांनी काळ्या लोकांच्या ढोलांवर बंदी घातली. मग पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी तेलाची रिकामी पिंपे ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. ‘स्टीलपॅन’ हे वाद्य असे जन्मले आणि १९९२ साली ते राष्ट्रीय वाद्य ठरले. आपल्याकडे नेमके उलटे होते. तेथे वाद्य हिसकावले गेले, येथे ते जातीचे काम म्हणून गळ्यात बांधले गेले. म्हणून आपल्या वाडवडिलांनी अनेक ठिकाणी हलगी खाली ठेवली. त्यांनी वाद्य उचलले, आपण खाली ठेवले. दोन्हींत स्वाभिमानच होता. काय वाजवायचे आणि काय नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, यालाच स्वातंत्र्य म्हणतात. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला बाबासाहेबांनी हाच धडा दिला. तोही फाल्गुनच होता.

त्या शहराच्या मध्यावर वुडफर्ड चौक आहे. पुढे पंतप्रधान झालेले इतिहासकार एरिक विल्यम्स १९५५ साली तेथे उघड्यावर व्याख्याने देत. गुलामगिरीचा इतिहास, राज्यकारभार, अर्थकारण हे विषय ऐकायला कामकरी माणसे येत. लोक त्या चौकाला विद्यापीठ म्हणू लागले. आमचे म्हणणे असे, की आपल्या प्रत्येक विहाराने महिन्यातून एक संध्याकाळ असा चौक व्हावे. त्याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. बोलणारा अभ्यास करून आलेला हवा, एवढेच.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. गिरमिट संपले असे समजू नका. दिवाळी सरली की आपल्या तालुक्यांतल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर राहते. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला भट्टीजवळच्या शाळेत वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क आहे. दाखला हाती नाही म्हणून शाळेला त्याचा प्रवेश अडवता येत नाही. कायदा आहे, पण तो त्या आई-बापांना सांगणार कोण? आपण बौद्ध, ते आदिवासी, असा भेद करणाऱ्याला बाबासाहेब समजले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातला जो सोबती फाल्गुनात दिसेनासा होतो, त्याचे नाव वहीत लिहा, तो कोणत्या भट्टीवर आहे ते विचारा आणि आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना कळवा. संस्थेच्या सभासदांनी त्या भट्टीजवळच्या शाळेत जाऊन त्याचे नाव घालावे. माळ्याच्या मुलाला मैदान मिळाले म्हणून एकनाथ सोलकर घडले. भट्टीवरच्या मुलाला वर्ग मिळाला तर काय घडेल, ते आपण पाहू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!