कॅमेऱ्यानंतरची खरेदी



दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांत पहिला कॅमेरा येतो. कुणी बोनसमधून घेतलेला असतो, कुणी भावंडांनी मिळून. चाळीस-पन्नास हजार एकदम गेलेले असतात, आणि तेवढ्यात दुकानदार काउंटरवर आणखी एक संच मांडतो: हलका ट्रायपॉड, काळी बॅग, यूव्ही फिल्टर, पुसायचं कापड, नाव न ऐकलेल्या कंपनीचं मेमरी कार्ड. सगळं मिळून दोन-तीन हजार. कॅमेऱ्यासोबत हे लागतंच, असं सांगितलं जातं आणि नवखा माणूस ते घेऊन घरी येतो.

माझं स्पष्ट मत आहे, की तो संच घेऊ नये. तेवढ्याच पैशांत याहून कितीतरी उपयोगी गोष्टी मिळतात. पहिला खर्च कॅमेरा टिकवण्यावर करावा आणि त्यानंतरचा, तुमचा फोटो जिथे अडतो आहे तिथे. फोटो अडलाच नसेल, तर खर्च करायचं कारणच नाही.

टिकवण्याचं आधी सांगतो, कारण आपल्या हवेत तो प्रश्न मोठा आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि दिवसचे दिवस तिथेच राहते. साधारण ६०-६५ टक्क्यांच्या पुढे लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरू लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात. लेन्स उघडून ती साफ करता येते, पण बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, आणि तो लेप परत येत नाही. पावसाळाभर कपाटात, बॅगेत बंद ठेवलेला कॅमेरा या रोगाला हमखास बळी पडतो. बॅग ही कॅमेरा नेण्याआणण्यासाठी असते. साठवायला ती वाईट, कारण तिचं अस्तर आणि स्पंज ओल धरून ठेवतात. चामड्याचं कव्हर त्याहून वाईट.

यावर विजेवर चालणारी कोरडी कपाटं मिळतात, पण ती काही हजारांच्या घरात जातात. एक कॅमेरा आणि दोन लेन्स असलेल्या माणसाला त्यांची गरज नाही. झाकणाला रबराची कड असलेला, घट्ट बसणारा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या. पीठ-धान्य ठेवायला मिळतो तोच. त्यात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारं यंत्र, आत टाका. हे सगळं हजार रुपयांच्या आसपास बसतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. फार खाली, ३० च्या आत नेऊ नका, त्याने रबर आणि आतलं वंगण सुकतं.

सिलिका जेल घेताना नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्या दाण्यांना रंग येतो तो कोबाल्ट क्लोराइडचा, आणि ते विषारी आहे. लहान मुलांच्या घरात ते नकोच. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवट पडले, की स्वयंपाकातून काढून टाकलेल्या एखाद्या कढईत मंद आचेवर परतायचे. ते पुन्हा नारिंगी होतात आणि वर्षानुवर्षं चालतात. कुणी तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. तांदळाची भुकटी बटणांच्या फटींत जाऊन बसते.

याच खर्चात एक रबरी ब्लोअर बसवा. दाबला की हवा मारणारा तो फुगा. आधी हवेने धूळ उडवायची, मगच मऊ मायक्रोफायबर कापड लावायचं, हा क्रम कधीही मोडू नका. धूळ अंगावर असताना कापड फिरवलं, की तीच धूळ काचेवर ओरखडे पाडते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात.

मेमरी कार्डाबद्दल थोडक्यात. नामांकित कंपनीचं, बिलासकट, खात्रीच्या दुकानातून. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या कार्डांत अशीही असतात, की वर लिहिलेली जागा आत नसतेच. जागा संपली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात आणि ते कळतं घरी गेल्यावर. कार्डावर इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ हा आकडा किंवा व्ही ३० असं छापलेलं असेल, तर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते. साध्या व्हिडिओला तेवढं पुरतं. एका मोठ्या कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन बरी. एक बिघडलं तर अर्धी सहल तरी वाचते. आणि जास्तीची एक बॅटरी, शक्यतो कॅमेऱ्याच्याच कंपनीची. स्वस्त बॅटऱ्या कधीकधी फुगतात आणि कॅमेऱ्याच्या खाचेतच अडकून बसतात.

आता ट्रायपॉड. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटा चित्रपट केला, ‘अंकुराची वाढ’. वाटाण्याचं रोप कसं वाढतं, ते एकेक चौकट टिपून त्यांनी पडद्यावर दाखवलं. विचार करा, त्या सगळ्या दिवसांत कॅमेरा जागचा जरा हलला असता, तर रोप वाढण्याऐवजी पडद्यावर उड्या मारताना दिसलं असतं. त्या चित्रपटाचा सगळा भार कॅमेरा जागेवर राहण्यावर होता. संचातल्या हजार रुपयांच्या ट्रायपॉडला हे जमत नाही. मधली दांडी वर केली की तो वाऱ्यावर डोलतो, आणि त्याचं प्लास्टिकचं डोकं लेन्सच्या वजनाने हळूहळू खाली झुकतं.

म्हणून ट्रायपॉड घ्यायचा तर तीन-चार हजारांच्या पुढचा, ॲल्युमिनियमचा, आणि दुकानात तुमचा कॅमेरा त्यावर लावून बघूनच घ्यायचा. लेन्स खाली वाकते का पाहा. पाय पूर्ण उघडून वरून हलकेच दाबा. कॅमेरा आणि लेन्स यांच्या वजनाच्या निदान दुप्पट भार पेलण्याची क्षमता हवी. मधल्या दांडीखाली हुक असेल तर उत्तम, त्याला बॅग लटकवली की ट्रायपॉड वाऱ्यातही स्थिर उभा राहतो. रिमोट घेऊ नका. कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर लावला, की बोटाचा धक्का फोटोत येत नाही.

पण तुम्हाला ट्रायपॉड लागतो का, हा आधीचा प्रश्न आहे. वारीत दिवेघाट चढणाऱ्या गर्दीत तो उघडायला जागा मिळत नाही. ताडोब्याच्या जंगलात नेणाऱ्या उघड्या जिप्सीत त्याचे पाय मावत नाहीत. तिथे कापडी पिशवी कामाला येते, बीन बॅग म्हणतात ती. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा घ्यायचा, एक बाजू शिवायची, दुसरीला चेन लावायची. घरून रिकामी न्यायची, तिथे पोचल्यावर दोन किलो मूग किंवा तांदूळ घेऊन भरायची. जिप्सीच्या कडेवर ठेवून त्यात लांब लेन्स रुतवली, की ती हलत नाही. सप्टेंबरात कासच्या पठारावर सीतेची आसवं टिपायची असतील, तर फूल जमिनीपासून काही बोटंच वर असतं. तिथेही हीच पिशवी वाटेच्या कडेला ठेवून काम होतं. फुलांत पाय मात्र घालू नका. फोटोसाठी कासची फुलं तुडवणं मला अक्षम्य वाटतं.

यूव्ही फिल्टरविषयी दुकानात सर्वांत जास्त आग्रह होतो. फिल्मच्या काळात अतिनील किरणांनी दूरचे डोंगर निळसर, धूसर यायचे, म्हणून तो लावत. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे हे किरण अडवणारी काच मुळातच बसवलेली असते. मग स्वस्त फिल्टरने होतं ते एवढंच, की चांगल्या लेन्सपुढे एक हलकी काच येते आणि दिव्याच्या फोटोत हिरवे ठिपके उमटतात. संरक्षणच हवं असेल तर लेन्स हूड लावा. तो धक्काही झेलतो आणि तिरपं ऊनही अडवतो.

फिल्टर खरोखर लागतो ती ठिकाणं वेगळी आहेत. सोमवती अमावास्येला जेजुरी गडावर भंडारा उधळला जातो, तेव्हा हवाच पिवळी होते. हळदीची ती पूड लेन्सच्या कडेने आत शिरू पाहते. तिथे पुढे साधा, पण बऱ्या कंपनीचा संरक्षक फिल्टर हवा, कॅमेऱ्याभोवती पारदर्शक प्लास्टिक आणि रबरबँड हवा, आणि गडावर लेन्स अजिबात बदलायची नाही. गणपती विसर्जनाच्या गुलालात आणि समुद्रावरच्या खाऱ्या तुषारांतही हेच.

एक फिल्टर मात्र पैसे वसूल करून देतो, तो पोलरायझर. पाण्यावरची, ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो, आणि पावसाळ्यातल्या सह्याद्रीचा खरा हिरवा रंग दिसू लागतो. हे काम नंतर संगणकावर नीट होत नाही. त्याने प्रकाश दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, कमी होतो, तेवढं लक्षात ठेवा. लेन्सच्या झाकणाच्या आत ५२, ५८, ६७ असा मिलिमीटरचा आकडा असतो, तो बघूनच फिल्टर मागा.

घरातल्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी आधी पांढरा कार्डशीट आणावा, तीसेक रुपयांचा. आजी खिडकीपाशी बसली असेल, तर खिडकीच्या विरुद्ध बाजूने तो तिच्या गालाजवळ धरा. काळवंडलेली बाजू उजळते, सुरकुत्या मऊ होतात. फ्लॅश घ्यायचा तर मान फिरणारा घ्या, म्हणजे पांढऱ्या छतावर उजेड टाकता येतो. वडिलांचा जुना फ्लॅश कपाटात सापडला, तर तो तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या वरही दाब असतो आणि नाजूक कॅमेरा त्याने जळू शकतो.

आणि दहा-बारा हजार उरलेच असतील, तर बॅगा, पट्टे, फिल्टर सगळं बाजूला ठेवा आणि ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स घ्या. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स त्याच लांबीला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ही तिच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. देवघरातल्या समईच्या उजेडात, लग्नाच्या मांडवात, रात्रीच्या भजनात फ्लॅशशिवाय फोटो निघतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या मोठ्या फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिलिमीटरवरच केलं. त्याचा कॅमेरा पूर्ण चौकटीचा होता. नवख्यांच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर बहुधा लहान असतो, त्यामुळे त्यावर हीच लेन्स ७५-८० मिलिमीटरसारखी, थोडी जवळ ओढणारी वागते. चेहऱ्यांना ती फार छान बसते, अरुंद खोलीत मात्र मागे सरकायला भिंत आड येते.

मुंबई-पुण्यात लेन्स आणि ट्रायपॉड दिवसाच्या भाड्याने मिळतात. हजाराच्या वरची कुठलीही वस्तू घेण्याआधी ती एक दिवस भाड्याने आणा आणि तुमचा अडलेला फोटो तिच्याने निघतो का ते बघा. आणि तुमचा कॅमेरा गेल्या पावसाळ्यापासून बॅगेत पडून असेल, तर आजच बाहेर काढा. लेन्सच्या मागून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाका, समोरून आत बघा. तंतू दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि या आठवड्यातच जाणत्या कारागिराकडे न्या.