ओहोटीची पंगत



गेल्या माघात माहेरी गुहागरला गेले होते. ओहोटीच्या वेळी नातवाने पुळणीवरचा चिमुकल्या पाखरांचा थवा टाळ्या वाजवून उडवला. खरे सांगते, मीही हसले. मग रोज तिथे जाऊन बसू लागले, तेव्हा उमगले की आपण भरल्या पानावरून पाहुण्यांना उठवले!

हे पाहुणे म्हणजे चिखल्या पक्षी, हिमालयापलीकडून आलेले. चार पावले धावायचे, थबकायचे, वाळू जराशी हलली की किडा टिपायचा. सारा शोध डोळ्यांनी. तुतवार मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खुपसत जातो; तिच्या टोकाला स्पर्श कळतो, म्हणून न दिसणारा घासही सापडतो. कुरलाची लांब वाकडी चोच थेट खेकड्याच्या बिळात.

पण ही पंगत ओहोटीपुरतीच. तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरते, म्हणून ही पाखरे रात्रीदेखील जेवतात. उन्हाळ्यात परत जायचे, त्याआधी अंगावर चरबी साठवायची. उगाच उडावे लागले की घासही जातो आणि साठवलेलेही खर्ची पडते.

आता नातवाला मी लांब बसवते आणि चिखल्याची पावले मोजायला लावते. परवा सहा झाली, मग तो थांबला.