मुटका



मी मच्छेचा. बेळगावातून खानापूरच्या रस्त्याला लागलात की उद्यमबाग आणि पिरनवाडीच्या पुढं आमचं गाव लागतं. शाळेत चित्रकला शिकवतो. मागच्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलानं मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. उघड्या अंगाचा एक माणूस, त्याच्या उजव्या हाताला जोडलेला धातूचा आणखी एक हात. मुलानं विचारलं, "सर, ह्याला चित्रकला म्हणायचं काय?"

तो माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कलाकार स्टेलार्क. त्याचा हा तिसरा हात 1980 साली तयार झाला. पोटाच्या आणि मांडीच्या स्नायूंत उठणारे विजेचे बारीक संकेत पकडून तो हलतो. 1982 साली टोकियोच्या एका कलादालनात त्यानं तिन्ही हातांनी एकाच वेळी एक शब्द लिहिला. इंग्रजी शब्द होता, इव्होल्यूशन, म्हणजे उत्क्रांती. रोमन लिपीत त्याची नऊ अक्षरं होतात, एकेका हाताच्या वाट्याला तीन. ह्याच कलाकारानं कातडीत आकडे अडकवून स्वतःला अधांतरी टांगूनही घेतलं आहे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ते ऐकून बगाड आठवेल. माणसाचं शरीर आता कालबाह्य झालं, यंत्रांच्या जगात आपण आहोत तसंच राहून चालणार नाही, अशी त्याची भूमिका.

मी मुलाला म्हटलं, हो, ही कला आहे आणि मोठी आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण डोळ्यांपुढं सारखा आमच्या अप्पांचा हात येत होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर फौंड्रीत मोल्डर होते. लोखंड ओतायचं तर आधी वाळूचा साचा हवा. वाळूत बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी घालून ती मळतात. पाणी जास्त झालं की तापल्या धातूखाली वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. कमी पडलं तर साचा ढासळतो. आता वाळू तपासायला लॅब असते. अप्पांच्या काळी मूठ होती. ते ढिगातली मूठभर वाळू घ्यायचे, एकदाच आवळायचे आणि तळवा उघडायचे. वाळूचा मुटका व्हायचा, त्यावर चार बोटांच्या खाचा आणि खाचांत बोटांच्या रेषा. मग दोन्ही हातांनी तो मधोमध मोडायचा. काठांचा भुगा न होता दोन सरळ तुकडे झाले की वाळू तयार. लहानपणी मी डबा घेऊन जायचो, तेव्हा ते मला म्हणायचे, "नुसतं बघालास काय? मोडून बघ की." माझा मुटका प्रत्येक वेळी चुरा व्हायचा.

ह्या मुठीला किती वर्षांचा इतिहास आहे! आपल्या मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीला. ती पुढं बदामीकडं जाते. तिच्या खोऱ्यात अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. डेक्कन कॉलेजचे आर. व्ही. जोशी यांनी त्यांचा अभ्यास करून 1955 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. आणखी पूर्वेला, यादगीर जिल्ह्यात इसामपूरला, डेक्कन कॉलेजच्याच के. पद्दय्या यांनी हत्यारं घडवण्याची जागाच उकरून काढली. चुनखडीचे दगड, त्यांचे छिलके, अर्धवट घडवलेल्या हातकुऱ्हाडी, सगळं जागच्या जागी. तिचं वय सुमारे बारा लाख वर्षं धरतात. तेव्हा आपल्यासारखा माणूस जन्मालाही आला नव्हता.

हातकुऱ्हाड थेंबाच्या आकाराची असते. खाली रुंद, वर टोकदार, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळणाऱ्या. नुसतं हाड फोडायचं असतं तर कुठलाही धारदार दगड चालला असता. कुणीतरी दगड उलटसुलट करून बघितला, डावी बाजू जरा जाड वाटली म्हणून आणखी एक टवका काढला. माझ्या मते आपल्या भागातली चित्रकला तिथं सुरू झाली. शास्त्रज्ञ सांगतात की आपला लांब अंगठा आणि पकड पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं वापरण्याशी जोडलेली आहे. म्हणजे हातानं हत्यार घडवलं आणि हत्यारानं हात घडवला. शरीर आणि यंत्र यांचं नातं प्रयोगशाळेत सुरू झालं नाही. ते कष्टात सुरू झालं.

आता आणखी एका हाताबद्दल. 8 नोव्हेंबर 1895 ला जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. 22 डिसेंबरला त्यानं आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. बोटांची हाडं आणि एका बोटातली अंगठी. जिवंत माणसाच्या आतलं त्याआधी असं कुणी बघितलं नव्हतं.

आपल्या मराठी मुलखात एक चित्रकार आहेत, ज्यांचा निम्मा दिवस वर्षानुवर्षं अशाच फोटोंसमोर जायचा. सुधीर पटवर्धन. जन्म पुण्याचा, 1949 चा. तिथंच डॉक्टर झाले आणि 1975 पासून 2005 पर्यंत तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. आणि त्याच वर्षांत चित्रं काढली: इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोकलच्या डब्यातली माणसं, 2001 सालचं 'लोअर परळ'. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतली माणसं अंगानं जड आहेत. खांदे, मान, मांड्या, सगळ्यावर कामाचा भार दिसतो. कुणी सुंदर दिसावं म्हणून उभं केलेलं नाही. रोज माणसाच्या आत बघणाऱ्या डॉक्टरनं माणसाचं बाहेरचं अंग इतक्या आदरानं रंगवावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ते का मोलाचं वाटतं, हे सांगायला मला पुन्हा अप्पांकडं यावं लागेल. त्यांना खोकला लागला. आधी आम्ही थंडीवर ढकललं, मग तंबाखूवर, आणि त्यांनी तर तंबाखूला कधी हात लावला नव्हता. शेवटी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला. फुप्फुसांच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना बारीक पांढरे ठिपके, काळ्या पाटीवर खडूची पूड सांडावी तसे. वाळूची धूळ. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते. जी दिसत नाही ती थेट खोल जाते, तिथं गाठी करते आणि बाहेर येत नाही. तोंडाला बांधायला अप्पांना कधी कुणी काही दिलं नव्हतं. टॉवेल असायचा, तो घाम पुसायला.

मी चित्रकलेचा मास्तर. तो फोटो बघताना मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. अप्पांनी आयुष्यभर वाळूवर हात उमटवले होते, आणि वाळू त्यांच्या आत उमटली होती.

म्हणून स्टेलार्कच्या भूमिकेशी माझं भांडण आहे. त्याचं धाडस मी मानतो. पण शरीर कालबाह्य झालं असं मला म्हणवत नाही. आमच्या रस्त्याला पहाटे शिफ्ट सुटते तेव्हा येऊन बघा. यंत्राला जोडलेली शरीरं तिथं शेकड्यांनी चालत येतात. लेथवर उभं राहून एका बाजूला कललेली कंबर, प्रेसच्या आवाजानं मंद झालेले कान, हल्लीच्या सीएनसी ऑपरेटरचे स्क्रीनकडं बघून लाल झालेले डोळे. ही बदललेली शरीरं कुणी कलादालनात मांडलेली नाहीत. जवळच्याच विद्यापीठात आमच्या गावची मुलं यंत्रं शिकतात याचा मला अभिमान आहे. उद्या त्यांतलं कुणी यंत्राचा हात करील. त्याआधी त्यांनी यंत्रापुढं उभ्या राहिलेल्या माणसाचा हात एकदा तरी कागदावर काढावा, अशी माझी फार इच्छा आहे. पटवर्धनांची चित्रं मुलांना दाखवतो ती त्यासाठीच.

गेल्या दिवाळीत मी ओळखीच्या एका मोल्डरकडून पिशवीभर वाळू आणली आणि अप्पांपुढं ठेवली. त्यांना आता जिना चढवत नाही. त्यांनी हात घातला, थोडं पाणी शिंपडायला सांगितलं, पुन्हा चाळवलं आणि मूठ आवळली. तळवा उघडला. मी म्हटलं, अप्पा, हा मोडू नका.

तो मुटका आता कडक वाळला आहे. वर्गात टेबलावर ठेवतो. मुलं एकेक करून येतात, अप्पांच्या खाचांत आपली बोटं ठेवून बघतात. बोटं खूप बारीक पडतात, पण ठेवून बघतात. मग जागेवर जाऊन वही उघडतात आणि पेन्सिलीला टोक काढतात.