आगाऊ पैशांचें ताट

मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत सहलीचा बेत निघाला कीं पहिला वाद गाडीचा होतो आणि दुसरा जेवणाचा. पूर्वीं हा दुसरा वाद फार वेळ टिकत नसे. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठीं वेगळ्या डब्यांत लाडू एवढें बांधून घेतलें, कीं राणीच्या बागेपासून घारापुरीपर्यंत कोठेंही जातां येत असे. पुढें १९८९ सालीं गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालें आणि २०१३ सालीं रायगड जिल्ह्यांत, मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाजवळ, इमॅजिका सुरू झालें. यांपैकीं पहिलें २०२२ सालीं बंद पडलें. पण दोहोंनीं मिळून सहलीची रीत मात्र पालटून टाकली. सकाळीं एकदां दारावर तिकीट दाखवावें आणि रात्रीपर्यंत आंतच रहावें, अशी ही नवी करमणूक आहे. अशा बहुतेक उद्यानांत बाहेरचें शिजविलेलें अन्न आंत नेऊं देत नाहींत. दशम्यांचा डबा दाराशींच अडतो. म्हणून तिकीट काढतेवेळींच गृहिणीला आणखी एक प्रश्न विचारला जातो : दिवसभराच्या जेवणाचें कूपन आतांच घेणार काय? एकदम घेतल्यास स्वस्त पडेल.

प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या देवळापासून जवळच, एका जुन्या चाळीच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत, मे महिन्याच्या सुटींत हा प्रश्न असाच येऊन पडला. घरांत माणसें पांच. आजोबा ऐन तारुण्यांत गिरणींत होते, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले. आजी त्यांच्याहून चार वर्षांनीं लहान. मुलगा एका कचेरींत. सूनबाई शाळेंत गणित शिकविणाऱ्या. आणि नऊ वर्षांची नात, जिच्यासाठीं हा सगळा खटाटोप. मुलाला मिळालेला सुटीचा एकच दिवस आणि तो नेमका संकष्टीचा. आजींचा उपवास गेल्या चाळीस वर्षांत मोडलेला नव्हता, तेव्हां तो एका उद्यानासाठीं मोडण्याची गोष्ट कोणीं काढलीच नाहीं.

मुलाचें मत कूपन घ्यावें असें होतें. "एकदां पैसे भरले कीं डोक्याला ताप नाहीं. आंत गेल्यावर प्रत्येक खिडकीशीं पाकीट कोण काढीत बसेल?" हें म्हणणें वाटतें तितकें आळशी नाहीं, त्याचा विचार पुढें करावाच लागेल. आजोबांनीं मात्र निराळेंच विचारलें, "खाडा कापतात का रे?"

हा शब्द आजच्या घरांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. पण परळ, लालबाग, प्रभादेवी या बाजूला एके काळीं लाखभर माणसांचें जेवण या एका शब्दाभोंवतीं फिरत होतें. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेले गिरणीकामगार एकेका खोलींत दहा-पंधरा जण रहात, बायकामुलें गांवीं. त्यांचीं दोन वेळचीं ताटें वाढणारी खानावळवाली बाई त्याच चाळींत किंवा शेजारच्या चाळींत असे. महिन्याचा दर ठरलेला. माणूस शिमग्याला किंवा गणपतीला गांवीं गेला, तर तितक्या दिवसांचे पैसे हिशेबांतून वजा होत. तोच खाडा. किती दिवसांखालचा खाडा धरावयाचा नाहीं, आधीं किती दिवस सांगावयाचें, हे नियम खानावळीगणिक वेगळे. पण रिकाम्या ताटाचा भार सगळाच जेवणाऱ्यावर पडूं नये, हें तत्त्व दोन्ही बाजूंना मान्य होतें.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसे मागाहून मिळत. गिरणीचा पगार झाला कीं खानावळीचा हिशेब चुकता व्हावयाचा. तोंवरचें धान्य, तेल, रॉकेल हें सारें त्या बाईनें उधारीनें आणावयाचें, नाहींतर व्याजानें पैसे काढावयाचे. शेंकडों पुरुषांच्या जेवणाचें भांडवल हातांतल्या बांगड्यांवर उभें असे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, तें याच बायकांना सावकाराच्या दारांतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारांत नेण्यासाठीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि आधीं जेवूं घालून मागाहून पैसे घेण्याच्या या व्यवहारांतला धोका कोणाच्या पदरांत होता तें स्पष्ट दिसलें. पगार बुडाला कामगाराचा, पण उधारी थकली खानावळवालीची.

आगाऊ कूपनाचा व्यवहार हा याच्या नेमका उलट आहे. येथें ताट मागाहून येतें आणि पैसे आधीं जातात. भांडवल जेवणाऱ्याचें, धोका जेवणाऱ्याचा, आणि खाडाही जेवणाऱ्याचाच. म्हणून आजोबांचा प्रश्न जुनाट वाटला तरी वर्मावर बोट ठेवणारा होता. विकणारा दर कमी करूं शकतो त्याचीं कारणें तीन. उद्यां किती ताटें लागणार हें त्याला आज कळतें, म्हणून अन्न वायां कमी जातें. ही बचत खरी आहे आणि तिचा वांटा गिऱ्हाइकाला मिळाला तर तो रास्तच. पैसा अगोदर हातीं येतो. हेंही समजण्यासारखें आहे. तिसरें कारण असें, कीं विकलेलीं सगळींच ताटें कांहीं वाढावीं लागत नाहींत. ही तिसरी बचत गिऱ्हाइकाच्याच खिशांतून आलेली असते. सवलत म्हणून परत मिळते ती बहुधा तिचाच थोडा भाग.

सूनबाईंनीं रात्रीं वहींत आंकडे मांडले. येथें दिलेले दर कोणा एका उद्यानाचे नाहींत, हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. मोठ्या माणसाचें कूपन ६०० रुपये, मुलाचें ४००. त्यांत सकाळचा नाश्ता, दुपारचें जेवण आणि संध्याकाळचें खाणें व चहा. सुटें घ्यावयाचें तर मोठ्या माणसाला नाश्ता १५०, जेवण ४००, संध्याकाळचें १२०, मिळून ६७०. मुलाला १००, २५० आणि १००, मिळून ४५०. चार मोठीं आणि एक मूल यांचें सुटें खाणें ३१३० रुपये, कूपनें २८०० रुपये. बचत ३३० रुपये. येथेंच बहुतेक घरें वही मिटतात.

सूनबाईंनीं मिटली नाहीं. त्यांनीं पांच नांवें लिहून प्रत्येकापुढें तो माणूस खरोखर काय खाईल तें लिहिलें. आजोबा साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या घेतात. सकाळीं साडेसहाला निघावयाचें म्हणजे त्यांना घरींच कांहीं खाऊन निघणें भाग. त्यांचा तेथला नाश्ता गेला. संध्याकाळीं ते बिनसाखरेचा चहा घेणार, त्याचे ४० धरले. आजी चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्रीं नऊ वाजून जाईपर्यंत, जेवणार नाहींत. फळें आणि लिंबाचें सरबत मिळून १५०. नात आईबरोबर घरींच दूध-पोहे खाणार. तेव्हां दोघींचा नाश्ता गेला. तिन्ही वेळां भरपेट खाणारा एकटा मुलगा. बेरीज अशी झाली : मुलगा ६७०, सूनबाई ५२०, आजोबा ४४०, आजी १५०, नात ३५०, एकूण २१३० रुपये. कूपनें २८०० रुपयांचीं! फरक ६७० रुपये, म्हणजे एका मोठ्या माणसाचें दिवसभराचें खाणें कोणींच न खातां विकत घेतल्यासारखें. सवलत खरी होती, दरही खोटे नव्हते. चूक होती ती पांच माणसें पांचही सारखींच जेवतील हें गृहीत धरण्यांत.

अशा वहीची गरज प्रभादेवीपुरतीच आहे असें नाहीं. अमेरिकेंत राहणारीं मराठी कुटुंबें, आणि त्यांच्याकडे सुटींत जाणारे आईवडील, फ्लोरिडांतील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जातात तेव्हां त्यांच्यापुढें हाच प्रश्न मोठ्या अक्षरांत उभा राहतो. तेथें २००५ सालीं आगाऊ जेवणाची योजना निघाली, २०२० च्या साथींत ती थांबली, आणि जानेवारी २०२४ पासून पुनः चालू झाली. तिचीं ताटें मुक्कामाच्या रात्रींवर मोजतात. तीन रात्रींचा मुक्काम चार दिवसांचा होतो, पण ताटें तिहींचींच. एका खोलींतील तीन वर्षांवरील प्रत्येकाला ती घ्यावी लागते. खाणारा घेईल आणि उपाशी राहणारा घेणार नाहीं, ही सोय नाहीं. न वापरलेलीं ताटें निघण्याच्या दिवशीं मध्यरात्रीं संपतात. खाड्याची कल्पना तेथेंही पोंचलेली नाहीं. पण एक गोष्ट त्या उद्यानाच्या बाजूनें सांगितली पाहिजे : कांचेचीं भांडीं वगळलीं तर घरचें खाणें आंत नेण्यास तेथें मनाई नाहीं. ज्याच्या पिशवींत पोळीभाजी आहे त्याला कूपन नाकारण्याचें स्वातंत्र्य खरें असतें. ज्याचा डबा दारावर ठेवून घेतला त्याचें तें निम्मेंच उरतें.

याउलट माथेरानची गोष्ट. तेथें मोटारी वर जात नाहींत. चालून आणि चढून भूक सणसणून लागते, संध्याकाळीं अंधारांतून दुसरें हॉटेल शोधीत जाण्याची कोणाची इच्छा नसते, आणि राहण्याच्या दरांतच दोन्ही वेळचें जेवण धरण्याची चाल अनेक हॉटेलांत आहे. अशा ठिकाणीं आगाऊ ताट बहुधा अंगीं लागतें, कारण मुक्काम असतो, भुकेची खात्री असते आणि जेवणाची वेळ आपल्या हातीं असते. एका दिवसाच्या उद्यानांत या तिहींपैकीं एकही नसतें. पाळण्यांत गरगर फिरून आलेल्या मुलापुढें दीड वाजतां ताट ठेवून पहावें!

म्हणून कूपन घेण्यापूर्वीं दर विचारण्याइतकेंच आणखी कांहीं विचारणें जरूर असतें. नाश्ता किती वाजेपर्यंत मिळतो, आणि गाडी तोंवर पोंचते का? जेवण कोणत्याही उपाहारगृहांत चालतें कीं एकाच? तें एकच असेल तर तें उद्यानाच्या कोणत्या टोंकाला आहे? वाढप पोटभर आहे कीं एकदांच? पाण्याची बाटली धरली आहे कीं वेगळी? कर दरांत आहे कीं वर? उपवासाचें किंवा जैनांचें मिळतें का? पावसानें सहल रद्द झाली तर तिकिटाबरोबर कूपनही पुढच्या तारखेला चालतें का? आणि सर्वांत मुख्य म्हणजे कूपन माणसागणिक घेतां येतें, कीं सगळ्यांनीं मिळूनच घ्यावें लागतें?

प्रभादेवीच्या घरानें चौकशी केली तेव्हां कूपन माणसागणिक मिळत होतें. वहीप्रमाणें उत्तर सोपें झालें. एक कूपन मुलासाठीं घ्यावें, बाकीच्यांनीं सुटें खावें. एकूण २०६० रुपये. मुलगाही कबूल झाला. वही मिटतां मिटतां सूनबाई थांबल्या.

गेल्या वर्षीं हें सगळें कुटुंब एका मोठ्या दुकानसंकुलांत गेलें होतें. तेथें आजोबांनीं खाण्याच्या दालनांतली पाटी वाचली, चहाचा भाव पाहिला आणि "मला भूक नाहीं" म्हणून बांकावर जाऊन बसले. गोळी सकाळीं घेतलेली. अडीचच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले. साखर उतरली होती. शेजारच्या बाईनें पर्समधली चॉकलेटची वडी दिली म्हणून निभावलें. ज्या माणसानें महिनाभर दोन वेळ जेवून हिशेब चुकता केलेला आहे, त्याला एका चहाची तेवढी किंमत देववत नाहीं. यांत हट्ट थोडा आणि संवय फार. त्याला समजावून उपयोग नसतो. पाटी दिसली कीं भूक मरते.

सूनबाईंनीं दुसरें कूपन आजोबांच्या नांवानें लिहिलें. हिशेब २२२० वर गेला.

"अहो, यांत तर १६० रुपये जास्त जातात," मुलगा म्हणाला.

"जाऊं द्या. बाबांना सांगा, जेवण तिकिटांतच आहे. ते पाटी वाचणार नाहींत."

मुलाचें पहिलें म्हणणें या ठिकाणीं निराळ्या वाटेनें खरें ठरलें. प्रत्येक खिडकीशीं किंमत न दिसणें ही कांहीं माणसांच्या बाबतींत चैन नसते, औषधाचा भाग असतो. कूपनाची बेरीज-वजाबाकी करतांना ही रक्कम कोणत्या रकान्यांत मांडावी हें गणिताच्या पुस्तकांत नाहीं. आजींच्या बाबतींत मात्र असा विचार करण्याचें कारण नव्हतें. त्या घरून शेंगदाण्याचे दोन लाडू पदराला बांधून निघाल्या आणि दारावर कोणीं विचारलेंही नाहीं.

वाटेंत गाडी अडकली. उद्यानांत पोंचेपर्यंत अकरा वाजून गेले होते आणि नाश्ता आवरलेला होता. मुलाच्या कूपनाचा पहिला भाग तेथेंच फुकट गेला. एक वाजतां आजोबा कूपन घेऊन रांगेंत उभे राहिले. वाढणारा मुलगा विशीचा असेल. आजोबांनीं ताट पुढें केलें आणि गंभीरपणें विचारलें, "सकाळचा नाश्ता आमचा झाला नाहीं. त्याचा खाडा कोणाच्या नांवावर?"

त्या मुलाला शब्द कळला नाहीं. "आजोबा, भात घ्या ना अजून," असें म्हणून त्यानें डाव भरला. आजोबांनीं ताटाकडे पाहिलें, पलीकडे वरणाचें पातेलें होतें तें पाहिलें, आणि वरणही मागून घेतलें.